आरसी गाडीच्या ट्रान्समीटरला हात कुठून घालायचा?

प्रश्न

माझी मुलगी आठवीत आहे. तिच्या मामाने तिला वाढदिवसाला 1/10 मापाची, बॅटरीवर चालणारी रेडिओ कंट्रोल बग्गी दिली. मोटरची ताकद फक्त मागच्या दोन चाकांना मिळते. पिस्तुलासारखा धरायचा ट्रान्समीटर आहे, त्याला बाजूला छोटं चाक आणि खाली ट्रिगर. त्यावर एस टी ट्रिम, टी एच ट्रिम, डी/आर अशी बटणं आहेत आणि मेन्यूत ईपीए, एक्स्पो, रिव्हर्स असं बरंच काही. गाडी पहिल्या दिवसापासून उजवीकडे ओढायची. आम्ही एस टी ट्रिम डावीकडे फिरवून ती सरळ केली. पण आता ती उजवीकडे जागच्या जागी वळते, पूर्ण वळवली की आतून घूं घूं आवाज येतो, आणि डावीकडे वळायला मात्र अर्धं मैदान लागतं. ट्रिगर सोडला तरी गाडी हळूहळू सरकत राहते. जरा ट्रिगर दाबला की सुसाट सुटते आणि ब्रेक लावला की गिरकी घेते. मुलीला या सगळ्यामागचं कारण समजून घ्यायचं आहे. ही बटणं नेमकं काय करतात, आणि कोणत्या क्रमाने वापरायची?

एक वाचक, सातारा

उत्तर

तुम्ही लक्षणं इतकी नेमकी लिहिली आहेत की निम्मं निदान पत्रातच झालं आहे. गाडी बिघडलेली नाही आणि ट्रान्समीटरही चांगला आहे. चुकला आहे तो क्रम. हॉबीच्या गाडीत सेटिंगची सुरुवात गाडीपासून होते, ट्रान्समीटरपासून नाही. आधी गाडीचं स्टिअरिंग यंत्र म्हणून सरळ करायचं, मग ते दोन्ही बाजूंना किती वळू द्यायचं याची हद्द बांधायची, त्यानंतर हाताला जमेल असा प्रतिसाद ठरवायचा, आणि ट्रिम सगळ्यांत शेवटी. तुमच्याकडून ट्रिम पहिल्यांदा फिरवला गेला आणि स्टिअरिंगच्या पुढच्या तक्रारी त्यातून आल्या. मुलीला कारण हवं आहे ही फार चांगली गोष्ट आहे, म्हणून आधी ते पाहू.

बटणं अनेक, निकाल एक

बाजारात खेळण्यांच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या रिमोटच्या गाडीत स्टिअरिंगच्या बहुधा तीनच जागा असतात: पूर्ण डावीकडे, मध्ये आणि पूर्ण उजवीकडे. तिथे सेटिंग करायला काही उरतच नाही. हॉबीच्या गाडीत तुम्ही चाक जितकं फिरवाल तितकीच गाडीची चाकं वळतात. जपानमधल्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने 1976 साली पोर्शे 934 ही आपली पहिली रेडिओ कंट्रोल गाडी आणली. तेव्हापासून आजवर गाड्यांचं सगळं काही बदललं, पण हे तत्त्व तेच आहे.

गाडीत एक रिसीव्हर असतो. त्याला दोन वायरी जोडलेल्या असतात. एक स्टिअरिंगच्या सर्व्होला आणि दुसरी ईएससीला, म्हणजे मोटरला किती वीज द्यायची हे ठरवणाऱ्या डबीला. रिसीव्हर या दोघांना सेकंदाला साधारण 50 वेळा विजेचा एक छोटा ठोका पाठवतो. ठोका दीड मिलिसेकंदाचा असेल तर अर्थ 'मध्ये राहा'. तो एक मिलिसेकंदाकडे आखडला की एका टोकाला, दोन मिलिसेकंदांकडे लांबला की दुसऱ्या टोकाला. सर्व्होच्या पोटात छोटी मोटर, गिअर आणि दांडा कुठे आहे हे सांगणारा एक पोटेन्शिओमीटर असतो. ठोक्याने सांगितलेली जागा आणि दांड्याची खरी जागा जुळेपर्यंत मोटर फिरत राहते.

आता मुलीला सांगा की ट्रिम असो, डी/आर असो, ईपीए असो की एक्स्पो असो, ही सगळी बटणं शेवटी या एका ठोक्याची लांबीच बदलतात. सर्व्होला ट्रिम कळत नाही आणि एक्स्पोही कळत नाही, त्याला फक्त ठोका कळतो. साधारण सर्व्हो मध्यापासून दोन्हीकडे 45 अंशांच्या आसपास फिरतो. एवढंच भांडवल आहे. बटणं ते वाटून देतात, वाढवून देत नाहीत.

तुमच्या गाडीत काय झालं

सर्व्होच्या दांड्याला बारीक दाते असतात आणि त्यावर हॉर्न नावाची छोटी पट्टी बसते. फुटाबा आणि सॅव्हॉक्सच्या नेहमीच्या सर्व्होंना 25 दाते असतात, हायटेकच्या बऱ्याच सर्व्होंना 24, सॅनवा आणि केओच्या सर्व्होंना 23. पंचवीस दात्यांचा हिशोब करा: 360 भागिले 25, म्हणजे एक दाता 14.4 अंशांचा. हॉर्न कितीही काळजीपूर्वक बसवला तरी तो हव्या त्या जागेपासून 7 अंशांपर्यंत हुकू शकतो. तुमची गाडी उजवीकडे ओढत होती, त्याचं सर्वांत संभवनीय कारण हे आहे.

तुम्ही ट्रिमने मध्य 7 अंश डावीकडे सरकवला असं धरू. गाडी सरळ जाऊ लागली. पण काही ट्रान्समीटरांत ट्रिम फक्त मध्य सरकवतो, दोन्ही टोकं जागची हलत नाहीत. म्हणजे नव्या मध्यापासून डावीकडे उरले 45 वजा 7, म्हणजे 38 अंश, आणि उजवीकडे झाले 52. डावीकडे अर्धं मैदान का लागतं याचं उत्तर या 38 मध्ये आहे, आणि घूं घूं आवाजाचं उत्तर 52 मध्ये. उजवीकडे चाकांचे सांधे त्यांच्या अडथळ्याला टेकतात, तरी ठोका म्हणतो 'अजून पुढे'. सर्व्होची मोटर अडकल्या जागी जोर लावत राहते, वीज ओढते, तापते. हा आवाज ऐकून सोडून देऊ नका. असं चालत राहिलं तर गिअरचे दाते झिजतात किंवा मोटर जळते, आणि सर्व्होने एकदम जास्त वीज ओढली की रिसीव्हर क्षणभर बंदही पडू शकतो.

काही ट्रान्समीटरांत ट्रिमबरोबर सगळा पट्टाच सरकतो. तिथे फरक इतका ठळक दिसत नाही, पण हॉर्न तिरका असल्यामुळे दोन बाजूंची ओढ सारखी होत नाही. दोष हॉर्नमध्येच राहतो.

ट्रिम हा तराजूच्या पासंगासारखा आहे. दोन पारडी सारखी करायला चिमूटभर पासंग लागला तर हरकत नाही, पण मूठभर लागत असेल तर तराजूच तपासायला हवा.

पहिलं काम: गाडी सरळ करा

गाडी अशी ठेवा की चारही चाकं अधांतरी राहतील. रंगाचा रिकामा डबा त्यासाठी उत्तम. मोटरची वायर काढून ठेवता आली तर आणखी चांगलं. ट्रान्समीटर आधी चालू करायचा आणि गाडी नंतर, बंद करताना आधी गाडी आणि मग ट्रान्समीटर. शेवटच्या एका चाचणीखेरीज हा नियम कधीच मोडू नये, कारण ट्रान्समीटरशिवाय चालू राहिलेली गाडी कोणाचंच ऐकत नाही.

आता सगळे ट्रिम आणि मेन्यूतले सबट्रिम, म्हणजे मध्य बारीक सरकवणारे आकडे, शून्यावर आणा. ईपीए दोन्ही बाजूंना 100, डी/आर 100, एक्स्पो शून्य. चाक उजवीकडे फिरवल्यावर गाडीची चाकं डावीकडे वळत असतील तर मेन्यूतल्या रिव्हर्सने दिशा उलटा.

सर्व्हो आपल्या खऱ्या मध्यावर उभा असताना हॉर्नचा स्क्रू काढा आणि हॉर्न उचलून पुन्हा बसवा. स्टिअरिंगच्या दांडीशी तो काटकोनात यायला हवा. गाडीच्या पुस्तिकेत वेगळी जागा दाखवली असेल तर ती खरी माना. हॉर्नला समोरासमोर दोन हात असतील तर एक सुंदर युक्ती आहे. 25 किंवा 23 अशा विषम दात्यांच्या दांड्यावर हॉर्न उलटा फिरवून दुसरा हात वापरला की तो बरोबर अर्ध्या दात्याने सरकतो, कारण पंचवीस दात्यांचा अर्धा फेरा साडेबारा दाते होतो. म्हणजे 7 अंशांची चूक 3.6 अंशांच्या आत आणता येते. 24 दात्यांवर ही युक्ती चालत नाही, कारण अर्धा फेरा नेमका बारा दाते भरतो. तुमच्या मुलीने हे कागदावर मांडून पाहावं, भूमितीच्या तासाला हे सापडणार नाही. तुमच्या बग्गीत धक्का सोसणारा स्प्रिंगचा सर्व्हो सेव्हर बसवलेला असेल तर हात एकच असतो. तेव्हा सर्वांत जवळचा दाता निवडायचा.

जो किंचित तिरकेपणा उरेल तो सबट्रिमने घालवा. सबट्रिमचं काम एवढंच आहे. ते झालं की चाकांकडे बघा. हॉर्न काटकोनात असून चाकं सरळ नसतील तर टर्नबकल, म्हणजे दोन्ही टोकांना उलटसुलट आट्यांची जी दांडी असते ती, फिरवून लांबी जुळवा. डावी आणि उजवी दांडी सारख्या लांबीच्या आहेत का तेही पट्टीने मोजा.

मग एक चाचणी करा, ती फार बोलकी आहे. ट्रान्समीटर आणि गाडी चालू ठेवून, ट्रिगरला हात न लावता, गाडी घरातल्या सपाट फरशीवर हाताने ढकला आणि सोडा. ती ढकलल्यावरही एका बाजूला जात असेल तर एखादं चाक जाम आहे का, बेअरिंगमध्ये माती आहे का, चाकाचा नट जास्त आवळला आहे का हे पाहा. ढकलल्यावर सरळ जाते पण ट्रिगर दाबला की ओढते, असं असेल तर दोष स्टिअरिंगचा नाही. मागच्या चाकांकडे, डिफरन्शिअलकडे किंवा चेसिसला पडलेल्या पिळाकडे लक्ष द्या. तो दोष ट्रिमने झाकला तर गाडी वेगात सरळ जाईल आणि वेग कमी केला की दुसरीकडे ओढेल.

दुसरं काम: हद्द बांधा

ईपीए म्हणजे टोकाची हद्द. डावीकडची वेगळी, उजवीकडची वेगळी. गाडी अजून डब्यावरच असू द्या. चाक पूर्ण डावीकडे फिरवून धरा आणि कान लावा. घूं ऐकू आला तर डावीकडचा ईपीए एकेक आकड्याने कमी करत आणा. आवाज थांबला की आणखी एक-दोन आकडे कमी करा, म्हणजे गाडीचं चाक अडथळ्याच्या अगदी अलीकडे थांबेल. मग उजवीकडे तसंच. आकडे दोन्हीकडे वेगळे आले तर गोंधळू नका, ते बहुधा वेगळेच येतात.

यानंतर गाडी जमिनीवर घ्या. सोसायटीच्या पार्किंगमध्ये खडूने एक फुली काढा. तिथून चाक पूर्ण डावीकडे धरून अगदी हळू एक वर्तुळ मारा आणि ते किती रुंद झालं तिथे खूण करा. मग उजवीकडचं वर्तुळ. एक लहान आणि एक मोठं आलं तर ज्या बाजूचं लहान आहे त्या बाजूचा ईपीए कमी करा. मोठं वर्तुळ लहान करायच्या मोहात दुसऱ्या बाजूचा आकडा वाढवला तर पुन्हा सर्व्हो अडकेल. दोन वर्तुळं जुळली की ईपीएचं काम संपलं. त्याला पुन्हा हात लावायचा तो सर्व्हो किंवा स्टिअरिंगचा एखादा भाग बदलल्यावरच.

तिसरं काम: डी/आर आणि एक्स्पो

या दोन बटणांची गल्लत फार होते. डी/आर, म्हणजे ड्युअल रेट, पूर्ण हालचालीला सारख्याच प्रमाणात लहान करतो. एक्स्पो टोकं तशीच ठेवतो आणि मध्याजवळची हालचाल मवाळ करतो. आकड्यांत पाहू या. डी/आर 70 ठेवला तर चाक पाव फिरवल्यावर साडेसतरा टक्के हालचाल मिळते, अर्धं फिरवल्यावर 35 आणि पूर्ण फिरवल्यावर 70. एक्स्पोचं नेहमी वापरलं जाणारं एक सूत्र घेऊन त्याची ताकद 40 टक्के ठेवली, तर पाव फिरवल्यावर सुमारे 16 टक्के, अर्धं फिरवल्यावर 35, पण पूर्ण फिरवल्यावर पूर्ण 100. सरळ रस्त्यावर दोन्ही गाड्या सारख्याच शांत वाटतील. पण तीव्र वळणावर पहिलीला वळण कमी पडेल आणि दुसरीकडे ते शिल्लक असेल.

यातून नियम निघतो. गाडी सरळ जाताना सापासारखी नागमोडी जात असेल तर एक्स्पो वाढवा. वळणावर गाडी उलटत असेल किंवा मागून सुटत असेल तर डी/आर कमी करा. खरखरीत डांबरावर टायर घट्ट पकड घेतात, तिथे वेगात पूर्ण वळण दिलं की बग्गी कलंडते. मुरमाच्या मैदानावर उलट होतं. पुढची चाकं गरजेपेक्षा जास्त वळली की माती खरवडत सरळच पुढे जातात, आणि थोडी कमी वळवली तर पकड घेऊन गाडी छान वळते. म्हणून डी/आरचं बटण बोटाखाली दिलेलं असतं. ते मैदानाप्रमाणे रोज बदलायचं असतं.

एक्स्पोचं चिन्ह मात्र आधी तपासा. फुटाबाच्या ट्रान्समीटरात उणे आकडा मध्य मवाळ करतो, स्पेक्ट्रमच्या ट्रान्समीटरात अधिक आकडा. चुकीच्या दिशेने गेलात तर गाडी मध्याजवळ आणखी चिडखोर होईल. गाडी डब्यावर ठेवून चाक किंचित फिरवलं की लगेच कळतं. आठवीतल्या मुलीच्या हाताला 20 ते 30 टक्क्यांपासून सुरुवात करावी. सराव झाला की ती स्वतःच कमी करत आणेल.

आता ट्रिगर

ट्रिगर सोडल्यावरही गाडी सरकते, याचा अर्थ ट्रान्समीटरचा मध्य आणि ईएससीने लक्षात ठेवलेला मध्य जुळत नाहीत. बहुधा टी एच ट्रिम चुकून हलला आहे. तो शून्यावर आणा, ट्रिगरचे ईपीए दोन्हीकडे 100 करा, ट्रिगरचा एक्स्पो शून्य, आणि मग ईएससीला मध्य नव्याने शिकवा.

साध्या ब्रश्ड मोटरच्या अनेक ईएससींना काही बटण दाबावं लागत नाही. गाडी चालू करताना ट्रिगर जिथे असेल तोच मध्य असं ते धरतात. म्हणून चालू केल्यावर तीन-चार सेकंद ट्रिगरला बोट लावायचं नाही, आणि गाडी चालू असताना टी एच ट्रिम हलवायचा नाही. ब्रशलेस मोटरच्या ईएससींना साधारणपणे तीन जागा दाखवाव्या लागतात. हॉबीविंगच्या बऱ्याच ईएससींत सेटचं बटण दाबून धरत गाडी चालू करायची, मग ट्रिगर मोकळा असताना एकदा बटण दाबायचं, पूर्ण ओढून एकदा आणि पूर्ण ब्रेककडे ढकलून एकदा. मोटर अनुक्रमे एक, दोन आणि तीन बीप देते. तुमच्या ईएससीची नेमकी रीत तिच्या पुस्तिकेत असेल.

हे करताना ईपीए 100 का ठेवायचा हे मुलीला नक्की सांगा. गाडीचा वेग निम्मा करायचा म्हणून ईपीए 50 केला आणि त्यानंतर ईएससीला शिकवलं, तर ईएससी त्या 50 लाच 'पूर्ण' समजेल आणि गाडी पूर्ण वेगानेच धावेल. उलट 100 वर शिकवून मग ईपीए 50 केला तर ईएससीला खरोखरच निम्मा ठोका मिळतो आणि वेगाला लगाम बसतो. नवशिक्या हातांसाठी हा सर्वांत चांगला उपाय आहे. तुमच्या मुलीसाठी पुढच्या बाजूचा ईपीए 50 ते 60 ठेवा आणि त्याला 30 टक्क्यांचा एक्स्पो जोडा. जरा ट्रिगर दाबला की सुसाट सुटणं थांबेल. मोटर ब्रशलेस असून तिला सेन्सर नसेल तर अगदी हळू निघताना ती झटके देते. तो मोटरचा स्वभाव आहे, कोणत्याही बटणाने जात नाही.

ब्रेकला गिरकी का बसते

तुमच्या बग्गीत मोटर फक्त मागच्या चाकांना जोडलेली आहे आणि ब्रेकही मोटरच लावते. म्हणजे ब्रेक लागतो तो फक्त मागे. ब्रेक दाबताच गाडीचं वजन पुढे झुकतं, मागचे टायर हलके होतात, चाकं जाम होतात आणि घसरणारी शेपटी पुढे येते. यावर उपाय ब्रेकच्या बाजूच्या ईपीएत आहे. ज्या मैदानावर खेळता त्याच मैदानावर गाडी मध्यम वेगाने सरळ सोडा, स्टिअरिंग सरळ ठेवून ब्रेक पूर्ण दाबा. चाकं घसरली तर ईपीए पाच-पाच आकड्यांनी कमी करत या. चाकं न घसरता गाडी जिथे लवकरात लवकर थांबते तो आकडा ठेवा. पावसाळ्यात शेवाळलेल्या पेव्हर ब्लॉकवर तो आणखी खाली आणावा लागेल.

एक काळजी घ्या. पुष्कळ ईएससींत ट्रिगर पुढे ढकलला की पहिल्यांदा ब्रेक लागतो, तो सोडून पुन्हा ढकलला की गाडी मागे जाते. ब्रेकचा ईपीए कमी केला की मागे जाण्याचा वेगही कमी होतो. तो बिघाड नाही, ठोका तोच आहे.

ज्यांच्याकडे नायट्रो इंजिनाच्या गाड्या आहेत त्यांच्यासाठी इतकंच: तिथे एकच सर्व्हो एका बाजूला कार्ब्युरेटर उघडतो आणि दुसऱ्या बाजूला ब्रेक ओढतो. इंजिन बंद पडतं म्हणून टी एच ट्रिम पुढे सरकवू नका. त्याने ब्रेक ढिला पडतो. इंजिनाची मंद गती कार्ब्युरेटरच्या आयडल स्क्रूनेच जुळवायची.

शेवटचं काम: फेलसेफ

सिग्नल तुटला तर गाडीने काय करावं हे फेलसेफ ठरवतो. आज जवळजवळ सगळे ट्रान्समीटर 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. भारतात 2005 पासून 2.4 ते 2.4835 गिगाहर्ट्झ या पट्ट्यात मर्यादित ताकदीच्या साधनांना परवाना लागत नाही. रिसीव्हर आपल्याच ट्रान्समीटरला ओळखतो, त्यामुळे शेजारच्या मुलाच्या रिमोटने तुमची गाडी पळणार नाही. पूर्वीच्या 27 मेगाहर्ट्झच्या रेडिओंत दोघांचे क्रिस्टल सारखे निघाले की गाड्या एकमेकींच्या हुकमात जायच्या. पण ट्रान्समीटरची बॅटरी आजही संपू शकते आणि गाडी टप्प्याबाहेरही जाऊ शकते.

म्हणून फेलसेफमध्ये ट्रिगरची जागा मोकळी, किंवा हलका ब्रेक, अशी नोंदवा. मग तपासा. गाडी डब्यावर, चाकं अधांतरी, बोटं आणि ओढणी दूर. ट्रिगर थोडा दाबून धरा आणि तसाच ट्रान्समीटर बंद करा. चाकं क्षणभरात थांबली पाहिजेत. काही रिसीव्हर सिग्नल गेल्यावर शेवटचा हुकूम तसाच पाळत राहतात. तुमचा तसा असेल तर तो दुरुस्त केल्याशिवाय गाडी रस्त्याजवळ नेऊ नका. 1/10 मापाची गाडी दीड-दोन किलोची असते, आणि लहान मुलाच्या पायावर ती वेगात आदळली तर इजा होते.

मुलीला एक वही करायला सांगा. स्टिअरिंग आणि ट्रिगरचा ईपीए, डी/आर, एक्स्पो, सबट्रिम हे सगळे आकडे आणि त्या दिवशीची जमीन, डांबर की मुरूम, ओली की कोरडी, असं लिहून ठेवू द्या. एका वेळी एकच आकडा बदलायचा, दोन फेऱ्या मारायच्या आणि मगच दुसऱ्याला हात लावायचा. दोन आकडे एकदम बदलले तर गाडी सुधारली किंवा बिघडली ती कशामुळे हे कळत नाही, आणि जे कळलं नाही ते पुढच्या वेळी वापरता येत नाही. शर्यतींत गाडी चालवणारी मंडळी हेच करतात.

या रविवारी सगळे ट्रिम शून्यावर आणा आणि हॉर्नपासून सुरुवात करा. स्क्रू मुलीलाच फिरवू द्या, हिशोबही तिलाच करू द्या. तुम्ही फक्त गाडी डब्यावर धरा. काही अडलं तर सर्व्हो आणि ईएससीचं मॉडेल लिहून पुन्हा पत्र पाठवा.